टूरिंग बाईकला वेगळे आरसे आणि जादा लाईट बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात राहून लांबचं फिरायचं म्हटलं की रात्रीचा रस्ता चुकत नाही. पुण्यातून निघायला सात वाजले की खंबाटकी घाट अंधारात चढावा लागतो. कोकणातून परतताना कुंभार्लीत नाहीतर आंबेनळीत धुकं गाठतं. गळीत हंगाम सुरू झाला की हायवेपासून शिवारातल्या रस्त्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या, आणि त्यांतल्या कितीतरी मागच्या दिव्याविना. मी दुचाकींचं इलेक्ट्रिकचं काम करतो आणि सवड मिळाली की स्वतःही गाडी काढतो. गाडी लावून बाकड्यावर बसलेली मंडळी जे विचारतात, तेच इथे शक्यतो त्यांच्या शब्दांत घेतलं आहे.

पाच हजारांच्या आत बसवायचं आहे. आधी लाईट घेऊ की आरसे?

आरसे. आणि त्याही आधी हेडलाईटचा कोन तपासा, त्याला पैसे पडत नाहीत.

जादा लाईट लागतात रात्री, तेही गावाबाहेर पडल्यावर. आरशात मात्र पोवई नाक्यावरच्या गर्दीपासून हायवेपर्यंत सारखं बघावं लागतं. ज्याच्या आरशात स्वतःचं कोपर आणि जॅकेटची बाही यापलीकडे काही दिसत नाही, त्याने पुढे कितीही उजेड पाडला तरी मागून शंभरने येणारी गाडी त्याला कळणार नाही.

कंपनीने दिलेले आरसे विचार करूनच दिले असतील ना?

दिलेले असतात, आणि बऱ्याच गाड्यांना ते बदलायची गरजही नसते. पण तुम्ही टूरला निघता तेव्हा अंगात खांद्याला पॅड असलेलं जॅकेट असतं, मागे सॅडलबॅगा असतात, घरचं कुणी मागे बसलेलं असतं. हँडलखाली राइझर (हँडल उंच करणारे ठोकळे) टाकले असतील तर बसण्याची ढबच बदललेली असते. शोरूममध्ये साध्या शर्टावर बसून बघितलेला आरसा आणि हा आरसा एक नव्हे.

म्हणून एक करा. सगळं सामान बांधा, जॅकेट-हेल्मेट घाला, मागच्या माणसाला बसवा आणि मग आरशात बघा. आरशाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जागा तुम्हीच अडवत असाल तर काहीतरी करायला हवं. त्यातही लगेच नवा आरसा घेऊ नका. आरशाच्या दांड्याखाली बसणारा एक्स्टेंडर मिळतो. तो आरसा तीन-चार सेंटीमीटर बाहेर किंवा वर नेतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. माझ्याकडे आरसे बदलायला आलेले कितीतरी जण एक्स्टेंडरवर समाधानाने परत गेले आहेत.

ऑनलाइन आरसे मागवले, पण ते भोकात बसतच नाहीत. काय चुकलं?

आटे. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींना आरशाचा बोल्ट १० मिमी जाडीचा आणि १.२५ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) असतो. काही स्कूटर आणि लहान गाड्यांना ८ मिमी असतो. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांना जाडी १० मिमीच, पण पिच १.५. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, हाताला मात्र कळतो: दोन-तीन फेरे सहज जातात आणि मग बोल्ट अडतो. अडला की थांबायचं. तिथे पान्याने जोर लावला तर क्लच लिव्हरच्या ब्रॅकेटमधले आटे जातात. ते ब्रॅकेट अॅल्युमिनियमचं असतं, पोलादी बोल्ट त्याला लोण्यासारखा कापतो.

दुसरी गोष्ट उलट्या आट्यांची. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाला डावे आटे असतात, म्हणजे घट्ट करायला उलटं फिरवायचं. त्यामागे कारण आहे. समोरून काही आदळून उजवा आरसा मागे ढकलला गेला तर तो सरळ आट्यांवर आणखी आवळत जाईल आणि मोडेल, ब्रॅकेटलाही सोबत नेईल. उलट्या आट्यांवर तो सुटत जातो. अशा गाडीला साधा आरसा लावायचा असेल तर उलट-सुलट आट्यांचा अॅडॉप्टर मिळतो. जुना आरसा खोलताना हा प्रश्न आधी मनात आणा; सवयीने चुकीच्या बाजूला जोर लावून मोडलेले बोल्ट मी ड्रिलने काढले आहेत.

लॉकनटला बहुधा १४चा पाना लागतो, काहींना १७चा. आधी लॉकनट सैल करायचा, आरसा हवा तिकडे वळवायचा, मग दांडा एका हाताने धरून नट आवळायचा. आट्यांना थोडं ग्रीस लावा. थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारा गोंद) इथे लावू नका, कारण गाडी पडली तर आरसा फिरायला हवा.

साठ-सत्तरला ठीक दिसतं, नव्वदला आरशात सगळं धूसर. काच खराब आहे का?

काच बहुतेक वेळा चांगली असते, हलतो तो दांडा. प्रत्येक दांड्याची थरथरण्याची आपली एक गती असते. इंजिनाचे हादरे नेमके त्या गतीला आले की दांडा त्यांच्यासोबत नाचतो. त्यामुळेच एका ठराविक आरपीएमला आरसा धूसर होतो आणि त्याच्या पुढे-मागे पुन्हा स्वच्छ दिसतो. सिंगल सिलिंडरच्या गाड्यांत हे जास्त.

उपाय दोन. दांडा आखूड करा, किंवा आरसा जड करा. स्वस्तातले हलके प्लास्टिकचे आरसे म्हणूनच फार थरथरतात. काही जण आरशाच्या कवचात आतून शिशाचा तुकडा किंवा चाकाच्या बॅलन्सिंगचं वजन चिकटवतात. जुनी युक्ती आहे आणि चालते. मात्र हे करण्याआधी हँडलच्या टोकाची वजनं जागेवर आहेत ना ते बघा. कंपनीने ती शोभेला दिलेली नसतात, हँडलचा हादरा तीच पितात.

बारएन्ड आरसे, म्हणजे हँडलच्या टोकाला बसणारे, कसे? दिसायला छान असतात.

बाहेरच्या बाजूला असल्यामुळे त्यांत कोपर येत नाही, मागचं मोकळं दिसतं, हे खरं. पण टूरिंगच्या गाडीला मी ते सुचवत नाही. नजर रस्त्यावरून बरीच खाली न्यावी लागते. गाडीची रुंदी वाढते, आणि मंगळवार पेठेतल्या बोळातून किंवा घाटात अडकलेल्या ट्रकांमधून काढताना पहिला धक्का आरशालाच बसतो. शिवाय ते बसवायला कंपनीची वजनं काढावी लागतात, म्हणजे वर सांगितलेला हादरा थेट तळहातात. दोनशे किलोमीटरनंतर बोटं बधिर होतात.

फुगीर काच घ्यायची की सपाट?

डाव्या बाजूला फुगीर घ्या, उजवीकडचा निर्णय सवयीवर. फुगीर काचेत जास्त रुंद दिसतं, पण मागची गाडी लहान आणि लांब वाटते. ज्याला सपाट आरशाची सवय आहे त्याने फुगीर आरसा लावला की पहिले काही दिवस त्याचा अंदाज चुकतोच. उंब्रजच्या अलीकडे एकदा मी उसाची डबल ट्रॉली ओलांडायला उजवीकडे निघालो. नव्या फुगीर आरशात कार बरीच मागे वाटत होती. मान वळवून पाहिलं तेव्हा ती हाकेच्या अंतरावर होती. तेव्हापासून आरसा बदलला की पहिला आठवडा मी फक्त रोजच्या रस्त्यावर चालवतो आणि प्रत्येक वेळी आरशातला अंदाज मान वळवून पडताळतो. तुम्हीही तसंच करा.

निळसर काचेने मागच्या गाडीच्या हेडलाईटची तिरीप कमी होते, पण पावसाळी संध्याकाळी तीच काच अंधारी पडते. मी साधी काच ठेवतो.

आरसा नेमका कसा लावायचा?

गाडी सपाट जागी, दोन्ही चाकांवर उभी. तुम्ही नेहमीच्या बैठकीत. आतल्या कडेला स्वतःच्या खांद्याची किंवा बाहीची जेमतेम एक चिंधी दिसू द्या, म्हणजे आरसा हलला तर लगेच कळतं. मागच्या रस्त्याचं क्षितिज आरशाच्या मध्यावर, किंवा त्याहून किंचित वर. आरशात आकाश जास्त दिसत असेल तर आरसा खाली करा, आकाशातून कुणी येत नाही.

एवढं करूनही दोन्ही बाजूंना एक आंधळा कोपरा राहतोच. लेन बदलताना मान वळवणं कुठल्याही आरशाने वाचत नाही.

माझ्या गाडीचा हेडलाईटच कमी पडतो. म्हणून फोकस लावायचे आहेत.

आधी हेडलाईटकडे बघू. काच पिवळी पडली आहे का? आत धूळ-पाणी आहे का? कुणी त्यात भलताच एलईडी बल्ब टाकला आहे का? हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकला की उजेडाची ठेवण बिघडते. समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुमचा रस्ता मात्र काळाच राहतो.

गाडी हॅलोजनची असेल तर बल्बच्या सॉकेटवर मीटर लावून व्होल्टेज मोजा. गंजलेले जोड आणि बारीक वायर यांत व्होल्टेज मुरतं. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं की हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. जोड साफ करून, हेडलाईटला रिले (लहान करंटने मोठा करंट सोडणारा खटका) टाकून हाच उजेड परत मिळतो. कितीतरी गाड्या इथूनच घरी जातात, जादा लाईट न लावता.

स्पॉट घेऊ, फॉग घेऊ की दोन्ही झोत एकत्र देणारा कॉम्बो?

मी फॉगच बसवतो, म्हणजे रुंद पसरणारा, वरची कडा स्वच्छ कापलेला झोत. लांब टाकणारे स्पॉट मी बसवत नाही. पहिलं कारण कायद्याचं, ते पुढे येईल. दुसरं कारण आपल्या रस्त्यांचं आहे.

पसरणी घाट डोळ्यांसमोर आणा. किंवा साताऱ्याहून यवतेश्वर चढून कासकडे जाणारा रस्ता. वळणावर तुम्हाला पुढे बघायचं नसतं, बाजूला बघायचं असतं, कारण रस्ता तिकडे आहे. स्पॉट अशा वेळी समोरच्या दरीवर पडतो. आंबेनळीत हे अनुभवा, लाईट लावूनही वळणाचा आतला काठ अंधारात राहतो. रुंद झोत मात्र कठडा, बाजूची गटार, साइडपट्टीवर बसलेलं कुत्रं, रिफ्लेक्टर नसलेली बैलगाडी हे सगळं दाखवतो. खड्डाही रुंद आणि खालच्या झोतात जास्त ठसठशीत दिसतो, कारण उजेड तिरका पडल्याने त्याची सावली उठते.

धुक्यात पिवळाच लागतो म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. पिवळा उजेड धुकं भेदून जातो, असं जे सांगितलं जातं ते बरोबर नाही. धुक्याचा थेंब उजेडाच्या तरंगलांबीच्या मानाने एवढा मोठा असतो की तो पांढरा, पिवळा सगळाच उजेड जवळपास सारखाच विखुरतो. पिवळ्याचा फायदा डोळ्यांना होतो. निळसर पांढऱ्या उजेडाची तिरीप जास्त खुपते, पिवळ्यात डोळा कमी शिणतो.

धुक्यात खरं काम करते ती लाईटची उंची आणि झोताची कडा. तुमचा उजेड धुक्यावर आदळून तुमच्याच डोळ्यांत परत येतो, तोच समोर पांढरा पडदा होऊन उभा राहतो. लाईट डोळ्यांच्या रेषेपासून जितका खाली आणि झोताची कडा जितकी खालती, तितका तो पडदा पातळ. श्रावणात ठोसेघर किंवा चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन स्वतः करून बघा: हेडलाईट अप्परला टाका, काही दिसणार नाही, डिपरला आणा, रस्ता उमगायला लागेल, खाली बांधलेले फॉग लावा, साइडपट्टीची पांढरी रेघ दिसेल. ती रेघ दिसली की धुक्यात गाडी नेता येते.

रंग विचाराल तर ३००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा पिवळा मला आवडतो. ६००० केल्विनचा निळसर पांढरा ओल्या डांबरावर फिका वाटतो.

किती वॅटचे लावू? बॅटरी बसेल का?

दोन मिळून खरे चाळीस वॅट पुरतात. ‘खरे’ म्हणतोय, कारण खोक्यावर १२० वॅट लिहिलेल्या लाईटला मीटर लावला की त्याच्या आसपासही आकडा येत नाही. लाईट घेताना दुकानात बारा व्होल्टवर लावून अँपियर मोजून दाखवायला सांगा. अँपियर गुणिले व्होल्ट म्हणजे वॅट.

बॅटरीचं म्हणाल तर इंजिन चालू असताना लाईट अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, जगतात, बॅटरीवर नाही. अल्टरनेटर किती वॅटचा आहे ते गाडीच्या माहितीपुस्तकात बघा. त्यातून इंजेक्शन, पंप, इग्निशन, हेडलाईट, रेडिएटरचा पंखा जाऊन जे उरतं ते तुमचं. २०१७च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या दुचाक्यांना हेडलाईट कायम चालूच असतो, त्यामुळे तेवढा खर्च धरूनच चाला. तुमच्याकडे गरम ग्रिप्स, मोबाइल चार्जर असेल तर तोही.

हिशेब नको असेल तर मीटर लावा. बंद गाडीवर चांगल्या बॅटरीचं व्होल्टेज १२.६च्या आसपास. गाडी चालू केल्यावर १३.५ ते १४.५. आता सगळे लाईट लावून गाडी आयडलला ठेवा. व्होल्टेज १३च्या खाली घसरत असेल तर ट्रॅफिकमध्ये तुम्ही बॅटरी खात आहात.

रिले खरंच लागतो का? एक जण म्हणाला हॉर्नच्या वायरवरून डायरेक्ट देतो.

त्याला देऊ देऊ नका.

कंपनीची वायर तिच्या कामापुरतीच जाड असते. तिच्यावर लाईटचा भार टाकला की ती तापते, वरचं प्लास्टिक मऊ पडतं आणि शेजारच्या वायरीला चिकटतं. खटकाही तेवढ्या करंटचा नसतो, त्याच्या आतले पॉइंट जळतात. रिले म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा चुंबकी खटका. हँडलवरच्या बटनातून अँपियरचा अगदी लहानसा भाग जातो, लाईटचा सगळा करंट बॅटरीतून जाड वायरीने थेट जातो.

रिलेच्या तळाशी आकडे कोरलेले असतात. बॅटरीच्या प्लसवरून वायर निघते, वीतभर अंतराच्या आत फ्यूज, तिथून ती रिलेच्या ३० नंबरला. ८७ नंबरवरून दोन्ही लाईटच्या प्लसला. ८५ अर्थला. ८६ला तुमच्या बटनातून येणारी वायर, आणि त्या बटनाला पुरवठा अशा ठिकाणाहून जिथे किल्ली फिरवल्यावरच करंट येतो, म्हणजे किल्ली काढली की लाईट आपोआप बंद. पाच पिनांच्या रिलेत मधोमध ८७ए असतो. तो मोकळा ठेवा. रिले बंद असताना तोच जिवंत असतो. एका गाडीत कुणीतरी लाईट त्याच्यावर जोडले होते, मालक रात्री गाडी लावून झोपला आणि सकाळी बॅटरी मेलेली.

फ्यूज किती? चाळीस वॅट भागिले बारा, सव्वातीन अँपियर, पाचचा फ्यूज. ऐंशी वॅट असतील तर पावणेसात. दहाचा फ्यूज आणि दीड चौरस मिमीची तांब्याची वायर. फ्यूज लाईट वाचवायला नसतो, वायर जळू नये म्हणून असतो, त्यामुळे तो वायरीच्या ताकदीपेक्षा मोठा कधीच टाकायचा नाही. फ्यूज उडतो म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली मी पाहिली आहे. फ्यूज उडत असेल तर कुठेतरी वायर घासते आहे, ती जागा शोधायला हवी.

हे मी इतकं लांबून का सांगतो? पाटणच्या पुढे, कोयनानगर मागे टाकून कुंभार्लीकडे निघालो होतो, पाऊस कोसळत होता. माझ्या पहिल्या टूरिंग गाडीवर फॉगची वायर हँडलच्या मानेजवळून घासत गेली होती आणि त्या वायरीला फ्यूज नव्हता. टाकीखालून धूर आला. बॅटरीचं टर्मिनल हाताने ओढून काढलं म्हणून गाडी वाचली. त्या रात्री ट्रकच्या उजेडामागून कोयनानगरला परत आलो. त्यानंतर फ्यूज आणि वायरीचा मार्ग यांत मी कुणाच्याही गाडीवर तडजोड केलेली नाही.

वायर कुठून न्यायची?

कंपनीची वायरिंग जिथून जाते तिच्या सोबतीने. सायलेन्सरपासून आणि सिलिंडरच्या पंख्यांपासून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांपासून) लांब. जाळीदार स्लीव्ह किंवा नागमोडी पाइप चढवून. हँडलच्या मानेजवळ वायरीला थोडी ढील ठेवा, मग हँडल डावीकडे टोकाला, उजवीकडे टोकाला फिरवून बघा. वायर ताणली जाता कामा नये आणि चिमटलीही जाता कामा नये.

जोड दाबून बसवलेल्या टर्मिनलचे आणि वरून उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. नुसती चिकटपट्टी इंजिनाच्या उष्णतेने महिन्याभरात चिकट लगदा होते. अर्थ रंगवलेल्या बोल्टला देऊ नका, थेट बॅटरीच्या मायनसला आणा.

नव्या गाड्यांत, जिथे ईसीयू (गाडीचा छोटा संगणक) सगळ्या लाईटवर लक्ष ठेवतो, तिथे हेडलाईटची वायर कापून किंवा सोलून जोड देऊ नका. मीटरवर एररचे दिवे लागतात. चार्जिंग सॉकेटच्या वायरीवरून ८६ला पुरवठा घेतला की काम होतं.

लाईट बांधायचे कुठे?

लेगगार्डवर, हेडलाईटच्या खाली, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर. तिथे धुक्याचाही प्रश्न सुटतो आणि समोरच्याला तीन दिव्यांचा त्रिकोण दिसून अंतराचा अंदाज येतो. एकच हेडलाईट लांबून येत असेल तर ती मोटरसायकल जवळ आहे की लांब, हे समोरच्याला पटकन उमगत नाही.

क्लॅम्प घेण्याआधी लेगगार्डच्या पाइपचा व्यास मोजून घ्या. सैल क्लॅम्पमध्ये रबर कोंबून आवळलेला लाईट पहिल्या खराब रस्त्याला मान टाकतो. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे) घ्या. रेडिएटर किंवा ऑइल कूलरच्या पुढे लाईट येऊ देऊ नका, चढाला इंजिन तापतं. एलईडीच्या मागच्या पंख्यांनाही वारा लागला पाहिजे, म्हणून गाडी उभी असताना लाईट लावून गप्पा मारत बसू नका.

कोन कसा लावायचा?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. दुकानात गाडी स्टँडवर, रिकामी. अंदाजाने लाईट लावतात आणि सोडतात.

सपाट जमीन आणि समोर भिंत, मध्ये साडेसात मीटर अंतर. गाडी दोन्ही चाकांवर, तुम्ही बसलेले, सामान बांधलेलं. लाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, समजा ६० सेंटीमीटर. भिंतीवर ६०वर खडूने रेघ मारा आणि ५०वर दुसरी. झोताची वरची कडा ५०च्या रेघेवर आली पाहिजे. या उताराने झोत ४५ मीटरवर जमिनीला टेकतो. ताशी साठच्या वेगात तेवढं अंतर कापायला पावणेतीन सेकंद लागतात. त्यापुढचं काम हेडलाईटचं.

सामान बांधूनच का, ते बघा. मागचा भार वाढला की गाडीचं तोंड उचललं जातं. फक्त एक अंश उचललं तरी पन्नास मीटरवर झोत ८७ सेंटीमीटर वर चढतो. आपण ठेवलेला उतार एका अंशाहून कमी आहे. म्हणजे रिकाम्या गाडीवर अचूक लावलेला फॉग, मागे माणूस आणि दोन बॅगा आल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवून घेतला तर फरक बराच भरून निघतो, आणि हेडलाईटचाही सुधारतो.

शेवटी कुणाला तरी आठ मीटरवर समोर उभं करा आणि विचारा.

आरटीओ किंवा ट्रॅफिक पोलीस अडवतील का?

अडवू शकतात, आणि नियम माहीत असलेला बरा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १११ नुसार नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉट लाईट किंवा सर्च लाईट लावता येत नाही. नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला हवा, इतका की आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही. वरचा आठ मीटरचा प्रयोग त्यासाठीच. पुढे लाल दिवा नको, लाल-निळं लुकलुकणारं तर मुळीच नको. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये गाडीत बेकायदा फेरफार करायला मनाई आहे, आणि कलम १८२ए नुसार मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आरसे काढून फिरणंही नियमात बसत नाही.

मी बसवून देताना वेगळं बटन देतो आणि सांगतो: गावात, समोर गाडी असताना, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कुणी येताना दिसलं की बंद. दिवसा हायवेवर लावून फिरायचं कारण नाही.

वॉरंटी जाईल का? विम्याचं काय?

कंपनीची वायर कापली तर इलेक्ट्रिकच्या वॉरंटीवर वाद होतो. वायर न कापता कपलरमध्ये बसणारं हार्नेस (तयार वायरींचा संच) वापरा आणि आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. विमा कंपनीला बसवलेल्या वस्तूंची किंमत कळवून पॉलिसीत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज म्हणून जोडता येतात.

लाईटमध्ये पाणी शिरलं, आणि त्यावर तर आयपी ६७ लिहिलं होतं.

आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालेल. वॉशिंगवाल्याच्या प्रेशर गनचा मारा त्यात धरलेला नाही. गाडी धुताना लाईटवर, रिलेवर आणि मीटरच्या मागे गन मारू नका म्हणून सांगा. रिले सीटखाली, पिना खाली तोंड करून बसवा, म्हणजे पाणी साठत नाही.

घरी बसवू का?

आरसे जरूर. लाईट, वर लिहिलेलं वाचताना कुठे अडखळला नसाल तर. बॅटरीचं मायनस आधी काढायचं आणि शेवटी जोडायचं.

निघताना सोबत काय ठेवू?

त्याच आकड्याचे तीन-चार फ्यूज, एक रिले, आरशाच्या नटचा पाना, लाईटच्या क्लॅम्पची ॲलन की, थोडे झिपटाय आणि हातभर वायर. नव्याने बसवलेल्या लाईटचे नट पहिल्या दोनशे किलोमीटरला एकदा आवळा. साताऱ्याहून सकाळी लवकर निघालात तर चिपळूणला चहाला थांबाल तेव्हा वायर सायलेन्सरपासून लांब आहे ना, तेही हाताने चाचपून बघा.